तीन सेंटच्या तिकिटावरची रेघ

गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस, एका सोमवारी सकाळी, शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्स दुकानात एका जुन्या अमेरिकन टपाल तिकिटाच्या मोठ्या केलेल्या प्रतीवर एक रेघ दिसली. तशी रेघ कुठल्याही यादीत नव्हती. तिकीट तीन सेंटचं, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं, वापरलेलं. त्याचे मालक दौंडचे निवृत्त रेल्वे गार्ड. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात. मीही म्हणतो.

त्यांचा फोन आला तेव्हा मी निमोण्यात कांद्याच्या बातमीसाठी एका बांधावर उभा होतो.

“पत्रकार, बसलाय का उभं हाय?”

“उभा आहे.”

“मग बसा. गावली.”

“काय गावली?”

“रेघ वो! अध्यक्षाच्या कानाच्या पाळीखालनं निघती ती थेट हनुवटीपातुर. यादीत न्हाई. लेकीकडनं दोनदा वाचून घेतली. न्हाई म्हंजी न्हाई.”

अध्यक्ष म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष. या तिकिटावर त्यांचा एका बाजूने दिसणारा चेहरा आहे. मी बांधावर बसलो नाही, पण कांद्याच्या शेतकऱ्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

या तिकिटांचा नाद असणारी माणसं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून तीन आहेत. मामा, मी, आणि शिरूरच्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांना सगळा गाव बाई म्हणतो. नाद काय आहे ते थोडक्यात सांगता येतं. त्या काळी तिकिटाचं चित्र पोलादाच्या एका छोट्या रुळावर उठवलेलं असे. तो रूळ मऊ पोलादी प्लेटवर पुन्हा पुन्हा दाबून एका प्लेटवर दोनशे चित्रं उमटवत. दाब सगळीकडे सारखा पडत नसे. कडेच्या रेघा पुसट येत, मग कारागीर कोरणी घेऊन त्या हाताने पुन्हा कोरी. हाताचं काम असल्यामुळे दोनशेतली कुठलीही दोन चित्रं तंतोतंत सारखी नाहीत. एकाच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात जादा रेघ असते, एकाची चौकट खाली लांबलेली असते, एखाद्यावर हत्यार घसरल्याचा ओरखडा असतो. ओरखड्यात शाई साठते आणि तो कागदावर गडद उमटतो. अशा खुणा बघून सुटं तिकीट मूळ प्लेटवर कितव्या ओळीत, कितव्या घरात होतं ते ठरवायचं. त्यासाठी घरवार खुणांची यादी अमेरिकेतल्या एका अभ्यासकाने केलेली आहे, आणि ती आम्हा तिघांकडे आहे.

मामा त्याला डबा ओळखणं म्हणतात. त्यांची नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. “यार्डात समदे डबे एकसारखेच दिसत्यात,” असं ते नव्या माणसाला सांगतात, “पर गार्डाला इचारा. कुठल्याचं दार वाकडं, कुठल्याचा नंबर पुसलाय, कुठल्याला कुणी खडूनं शिवी लिहिलीय. तसंच हे.”

रेल्वे कॉलनीत त्यांच्या शेजारी एक इंजिन ड्रायव्हर राहत. ते कायमचे परदेशी बहिणीकडे गेले, तेव्हा जाताना त्यांनी बिस्किटांच्या डब्यातली तिकिटं मामांच्या हवाली केली. सुरुवात तिथे झाली. पुढे मामांनी त्यात भर घातली ती शिरूरला बाईंची ओळख झाल्यावर.

नव्या खुणेचं त्यांना एवढं अप्रूप का, हेही इथेच सांगायला हवं. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करायला सांगितलं होतं, शिरूरला दिलेली लेक रोज फोन करून तेच सांगत होती, आणि मामा टाळत होते. आयुष्यभर सिग्नल बघितलेल्या डोळ्याला सुरी लावून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. भिंगाखाली त्यांना तिकिटाच्या जागी पिवळट ढग दिसे. म्हणून लेकीकडे आले की ते झेरॉक्स दुकानात तिकीट स्कॅन करून घेत, ते वहीच्या पानाएवढं छापून घेत आणि त्या कागदावर भिंग फिरवत. डोळे कामातून जायच्या आत यादीत नसलेली एक तरी खूण आपल्या हातून सापडावी, मग ऑपरेशन, हे त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी लेकीला सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, आणि दौंड स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसणाऱ्या सगळ्या पेन्शनरांना सांगितलं होतं.

मी फोनवर त्यांना तेच विचारलं जे डेस्कवर कुठल्याही बातमीला विचारायला शिकलो होतो. “दुसरीकडून खात्री झाली का?”

“तीच तर करायची हाय. बाईंना फोन लावा.”

यात तिकिटांचा नियम आणि वर्तमानपत्राचा नियम एकच आहे. एका तिकिटावर दिसलेल्या खुणेला अर्थ नसतो. तो कागदातला तंतू असू शकतो, शाईचा शिंतोडा असू शकतो, पत्र फोडताना लागलेलं नख असू शकतं. त्याच घरातल्या दुसऱ्या तिकिटावर त्याच जागी तीच खूण दिसली, तर ती प्लेटची.

बाई त्या आठवड्यात पाबळला होत्या. तिथे भाचीकडे मुक्काम होता आणि मुलांचं चित्रकलेचं शिबिर चाललं होतं. मामांचं तिकीट ज्या घरातलं मानलं जात होतं, त्याच घरातलं एक तिकीट बाईंकडे होतं. ते शिरूरला कपाटात होतं, पण त्याचा स्कॅन त्यांच्या फोनमध्ये होता. डिसेंबरात त्यांनी आपली बरीच तिकिटं त्याच दुकानातून स्कॅन करून घेतली होती. मामांसारखीच करड्या छटेत. कोरलेल्या रेघा मोजताना रंग आड येतो, असं त्यांचं मत होतं.

अर्ध्या तासाने बाईंचा फोन आला. आवाज वर्गातला होता.

“आहे.”

“काय आहे?”

“रेघ. कानाखालून हनुवटीपर्यंत. गडद, सलग. मी इतके दिवस फक्त चौकटच बघत बसले होते. चेहऱ्याकडे बघायचं सुचलंच नाही.”

मी मामांना कळवलं. मग त्यांनी लेकीला हाक मारल्याचं ऐकू आलं आणि चहा टाकायला सांगितल्याचं.

संध्याकाळी बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांनी सहज म्हणून शेजारच्या घरातल्या तिकिटाचा स्कॅन बघितला होता. त्यावरही रेघ होती. त्याच्या खालच्या ओळीतल्या तिकिटावरही होती. तोवर बघितलेल्या सगळ्या तिकिटांवर होती.

इथे कुणालाही संशय यायला हवा होता. आला नाही, कारण या नादातल्या माणसांकडे अशा प्रसंगासाठी उत्तर तयार असतं, आणि ते बरोबरही असू शकतं. खूण एकाच घरात असेल तर दोष प्लेटचा. ती घरोघरी असेल तर दोष रुळाचा, कारण सगळी घरं त्याच रुळाने उमटवलेली असतात. रुळाचा दोष ही प्लेटच्या दोषापेक्षा मोठी गोष्ट. बाईंनी हे मला समजावून सांगितलं, मी मामांना सांगितलं.

“म्हंजी डब्याचं न्हाई,” मामा म्हणाले, “कारखान्याचंच चुकलंया!”

“पण मामा, एवढ्या वर्षांत हे कुणालाच दिसलं नाही?”

“बघणाऱ्यांचे डोळे चांगले हुते ना. चांगल्या डोळ्यांची माणसं भरभर बघत्यात. मी हळू बघतो.”

बाईंनी मात्र एक अट घातली. त्या शिरूरला येऊन मूळ तिकिटं भिंगाखाली बघतील, तोवर कुणाला बोलायचं नाही, अमेरिकेतल्या अभ्यासकाला ईमेल जाणार नाही, आणि बातमी तर नाहीच. मी होकार दिला. मामांनीही दिला. पण मामा त्याआधीच दौंडला परतले होते आणि स्टेशनबाहेरचा कट्टा घराच्या वाटेवर होता.

कट्ट्यावर पेन्शनर मंडळाचे सेक्रेटरी बसतात. पूर्वी टीसी होते. त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांना तिकीट म्हटलं की रेल्वेचंच आठवतं, त्यामुळे मामांचा शोध त्यांना नीट कळला असं म्हणता येणार नाही. त्यांना एवढं कळलं की अमेरिकेच्या सरकारी छपाईत चूक होती आणि ती दौंडच्या माणसाने पकडली. आप्पांनी नोकरीभर विनातिकीट माणसं पकडली होती. सरकार पकडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला. सत्कार ठरला. रविवार ठरला. शाल, श्रीफळ, फेटा, नाश्त्याला मिसळ, आणि फ्लेक्स.

फ्लेक्ससाठी दोन चित्रं लागणार होती. एक तिकिटाचं, एक मामांचं. तिकिटाचा स्कॅन शिरूरच्या दुकानात होताच. मामांनी पेन्शनच्या ओळखपत्रासाठी काढलेल्या फोटोंतला उरलेला एक स्टॅम्प साइज फोटो लेकीकडे होता. तिने तो दुकानात नेऊन दिला, दुकानदाराने स्कॅन करून दोन्ही चित्रं आप्पांच्या मोबाइलवर पाठवली आणि आप्पांनी ती दौंडच्या फ्लेक्सवाल्याला दिली.

शनिवारी सकाळी फ्लेक्स स्टेशन रोडला लागला. डावीकडे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष, उजवीकडे मामा, दोघंही सारख्याच उंचीचे. वर ‘दौंडचा डोळा अमेरिकेवर’ असं लिहिलं होतं. तो मजकूर आप्पांचा.

दुपारी मामांचा फोन आला. मी घरी होतो.

“पत्रकार, माझ्या गालाला काय झालंय?”

“काय झालंय?”

“तेच इचारतोय. सकाळधरनं चौघांनी इचारलं. दूधवाला म्हनला, मामा, दाढी करताना कापलं का? मेडिकलवाला म्हनला, टाके पडले का? मी गालावर हात फिरवतोय, कायबी लागत न्हाई हाताला.”

“मग ते असं का विचारतायत?”

“फ्लेक्सवर वण हाय म्हनत्यात. मला दिसत न्हाई वो. मला तिथं दोन ढग दिसत्यात, एक गोरा आन् एक काळा.”

“वण कुठून कुठपर्यंत आहे?”

मामांनी फोन तसाच धरून कुणाला तरी विचारलं. स्टेशन रोडच्या गर्दीत उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. एक भाजीवाली म्हणाली, “कानाच्या पाळीखालनं हनुवटीपातुर हाय की.”

मागे लोहमार्गावरून एक लांबलचक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघं फोनवर होतो.

“पत्रकार,” मामा म्हणाले, “माझा रूळ अन् त्या अध्यक्षाचा रूळ एकच हाय व्हय?”

मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. बाई त्याच दुपारी पाबळहून आल्या होत्या. मी फोनवर वणाचं सांगितल्यावर स्टँडवर उतरून पिशवीसकट थेट तिथेच आल्या. दुकानदार तिशीतला आहे, निमोण्याच्या बाजूचा. तिकिटं कशी स्कॅन करतो ते दाखव म्हटल्यावर त्याने मशीनचं झाकण उघडलं. काचेच्या एका कोपऱ्यात त्याने पुठ्ठ्याची चौकट चिकटवली होती. ती स्टॅम्प साइज फोटोच्या मापाची होती. त्यात फोटो टाकला की हलत नाही, तिरका येत नाही. तीन सेंटचं तिकीटही साधारण त्याच मापाचं असतं, म्हणून मामांची आणि बाईंची तिकिटं तो त्याच चौकटीत ठेवत आला होता.

बाईंनी पिशवीतून एक कोरा कागद काढून त्याच्या हातात दिला. “हा स्कॅन कर.”

“ह्याच्यावर काय न्हाई, बाई.”

“म्हणूनच.”

कोऱ्या कागदाचा स्कॅन पडद्यावर आला. पांढऱ्या पानावर एकच रेघ होती. वरून तिरकी खाली.

“अरे, ही व्हय!” दुकानदार म्हणाला. “ही तर दिवाळीपासनं हाय. एकानं सातबारा टाचणीसकट टाकला आन् वढला. काचंला ओरखडा गेला, त्यात काळं भरलं. निघंना. आधारकार्डाला चालतंय, कुणी काय म्हनत न्हाई.”

“फोटोंना?”

“फोटोंचा वण मी कंप्युटरवर पुसतो. मामांचा पुसणार हुतो, तेवढ्यात लाइट गेली. तिकिटाचा कशाला पुसू? मला वाटलं, तुम्हाला तोच पायजे.”

बाई स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ओरखड्यात शाई भरते आणि तो गडद उमटतो,” त्या म्हणाल्या. “शब्दशः तसंच झालं की हो.” मग घरी जाऊन त्यांनी आपली मूळ तिकिटं भिंगाखाली बघितली आणि मला कळवलं. एकाही तिकिटावर रेघ नव्हती.

मामांना मी फोनवर सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, अमेरिकेला काही कळवलंय का. नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग गाडी यार्डातच हाय. लाइनवर गेली न्हाई.”

“सत्कार रद्द करायला सांगू का आप्पांना?”

“मिसळीची ऑर्डर गेलीय. मानसं येनार. तुम्ही दोघं या फकस्त.”

रविवारी सकाळी बाई आणि मी न्हावरे, चौफुला करत एसटीने दौंडला गेलो. उसाचा हंगाम होता. चौफुल्यापर्यंत ट्रॅक्टरच्या मागे गाडी रांगत गेली. पेन्शनर मंडळाचा हॉल भरलेला होता. आप्पांनी प्रास्ताविकात मामांना ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द अनेकदा लावला. फेटा बांधून झाला. आप्पा शाल घेऊन पुढे आले तेव्हा मामांनी हात आडवा केला.

“आप्पा, जरा थांबा. आधी बोलतो, मग काय पांघरायचं ते पांघरा.”

मामांनी सगळं सांगितलं. सातबारा, टाचणी, काच, पुठ्ठा, काही वगळलं नाही. सगळ्यांना ते समजलं, कारण फ्लेक्स सगळ्यांनी बघितला होता. मग मागून एक निवृत्त पॉइंट्समन म्हणाला, “म्हंजी मामा, तुमचा आन् अध्यक्षाचा वण शिरूरच्या काचंचा?”

“व्हय.”

“आन् आमी म्हनत हुतो, मामीनं मारलं!”

हॉल हसला. मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, “मी मारलं असतं तर रेघेवर भागलं नसतं.” मग हसणं बराच वेळ थांबलं नाही.

आप्पा शाल घेऊन तसेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता. “मग आता हे कशासाठी देऊ?” त्यांनी माइकवरच विचारलं. “पत्रिकेत शोध म्हनून छापलंय.”

“देऊ नका.”

“आवो, पर आणलीय ना!”

मामी म्हणाल्या, “आप्पा, द्या ती. सकाळी गार लागतंय त्यांना.” मामांना शाल दिली गेली. बाईंनाही श्रीफळ दिलं गेलं. मिसळ चांगली होती. मी बातमी दिली नाही.

खरी अडचण त्यानंतर होती, आणि ती लेकीने तिथेच मिसळ खाताना काढली. ती शिरूरहून नवऱ्याबरोबर गाडीने आली होती.

“आबा, आता डोळ्याचं?”

“खूण गावली की करतो म्हनलो हुतो. गावली का?”

“गावली की. काचंची गावली.”

“ती मोजायची न्हाई.”

“मग न गावल्याली मोजा. आबा, तुम्हाला सोताचा फोटो दिसंना फ्लेक्सवर. गावानं सांगितलं तवा कळलं. आता कागदावर भिंग फिरवून काय घावनार हाय? मूळ तिकीट दिसाया नको का?”

मामा पाव चुरत राहिले. बाई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, “मामा, आपण दोघांनीही तिकीट बघितलं नाही, स्कॅन बघितला. मला दिसत असून मी बघितलं नाही. तुम्हाला दिसत नव्हतं. यापुढे स्कॅनवर मी काही मान्य करणार नाही. तुम्हाला घर ठरवायचं असेल तर मूळ तिकीट घेऊन माझ्या टेबलावर यायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगायचं.”

“हे काय, नियम बदलताय व्हय?”

“हो.”

परतीच्या एसटीत आम्ही चौफुल्याजवळ आलो असताना लेकीचा फोन आला. आबा उजव्या डोळ्याला तयार झाले होते. डाव्याचं मागाहून बघू म्हणाले होते. “एका डोळ्यानं सिग्नल दिसतो,” असं त्यांचं कारण होतं.

ऑपरेशन मार्चमध्ये शिरूरला झालं. ते झाल्यावर मामा लेकीकडे राहिले. काळा चष्मा लावून अंगणात बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, तू कोण ते ओळखतो, थांब, म्हणत. डोळ्यात थेंब घालायचं काम जावयाकडे होतं. जावयाच्या हाताला तंबाखूचा वास येतो अशी तक्रार पहिल्या दिवसापासून होती. भिंग वापरायला डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी ते सकाळी साडेआठला बाईंच्या दारात हजर झाले. मला बाईंनी फोन करून बोलावलं. साक्षीला, असं त्या म्हणाल्या.

बाईंचं टेबल खिडकीशी आहे. मामांनी खिशातून पाकीट काढलं, चिमट्याने तिकीट काढून काळ्या कागदावर ठेवलं आणि उजवा डोळा भिंगाला लावला. मग म्हणाले, “बाई, शिक्का निळा हाय.”

“कसला?”

“पोस्टाचा शिक्का. मला आजपातुर काळा वाटायचा.”

बाईंनी बघितलं. शिक्का निळा होता. तिकीट फिकट विटकरी. मामांना हा निळा रंग मोतीबिंदूमुळे दिसत नव्हता. बाईंना आणि मला दिसला नव्हता, कारण आम्ही ते तिकीट नेहमी करड्या छटेत बघितलं होतं. करड्यात शिक्का आणि छपाई दोन्ही सारखीच राखाडी येतात.

मामा पुन्हा भिंगावर वाकले. “डाव्या अंगाला वर जो तिरकोन हाय, त्यात किती रेघा म्हनता तुम्ही?”

“एक,” बाई म्हणाल्या. “जादा कोरलेली एक. म्हणून तर ते घर ठरवलं आपण.”

“दोन हायती.”

“एकच आहे, मामा.”

“एक सरळ दिसती. दुसरी शिक्क्याच्या खाली हाय. शिक्का निळा, रेघ लाल. निळ्याच्या खालनं लाल चाललीया. बघा की.”

बाईंनी भिंग घेतलं. मी खुर्ची सोडली, त्यांनी ती खिडकीकडे ओढली, तिकीट उजेडात फिरवलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. निळ्या गोल शिक्क्याच्या कडेखाली विटकरी रंगाची दुसरी रेघ होती. पहिलीला समांतर, किंचित आखूड.

“दोन,” बाई म्हणाल्या.

“मग कुठलं घर?”

दोन रेघा असलेली घरं यादीत थोडीच आहेत. बाईंनी एकेक वाचलं, मामांनी तिकिटावर बघून नाही म्हटलं. चौकटीची उजवी रेघ खाली लांबलेली हवी. नाही. तळाशी ठिपका हवा. नाही. डावी चौकट मध्यात दुभंगलेली हवी. मामा थांबले. पुन्हा बघितलं. “हाय,” म्हणाले. बाईंनी स्वतः बघून घेतलं आणि मान हलवली.

घर यादीत होतं, त्याच्या खुणाही होत्या. त्यात नवीन काही नव्हतं. मामांनी तसं विचारलं, आणि बाईंनी तसंच सांगितलं.

“म्हंजी आधीच कुणाला तरी ठावं हाय.”

“फार आधीपासून.”

“मग मला आत्ता कळलं,” मामा म्हणाले आणि चहा मागितला.

बाईंकडे भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. त्यात दोनशे घरं आखली आहेत, आणि ज्या घरातलं तिकीट त्यांना मिळालं ते त्या घरात प्लास्टिकच्या खिशात बसवलं आहे. हे घर रिकामं होतं. बाई तक्त्यापाशी गेल्या आणि त्या रिकाम्या खिशावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

“बघू नका तसं,” मामा म्हणाले. “देनार न्हाई.”

“मी मागितलंय का?”

“तुम्ही बोट ठेवून उभ्या हाय. गार्डाला लाल झेंडा आन् हिरवा झेंडा दोनी कळत्यात.”

“बदल्यात तीन देते. त्यातलं एक चारी बाजूंची चौकट शाबूत राखून कापलेलं आहे.”

“दहा द्या. तरी न्हाई. हे मी बघितल्यालं हाय.”

बाई हसल्या आणि त्यांनी फोन काढला. त्या दिवशी उन्हात, खिडकीशी, कुठल्याही काचेशिवाय तिकिटाचा रंगीत फोटो काढला गेला. बाईंनी तो घराच्या क्रमांकासह अमेरिकेतल्या अभ्यासकाला पाठवला. ओळ आणि घर दोन्ही बरोबर असल्याचं उत्तर आलं. त्यात आणखी एक वाक्य होतं. दुसरी रेघ शिक्क्याखालून वाचणाऱ्याची नजर चांगली आहे, असं. बाईंनी त्याचं मराठी करून फोनवर मामांना वाचून दाखवलं. मामांनी ते लेकीला, जावयाला आणि नंतर कट्ट्यावर आप्पांना सांगितलं. आप्पांनी फ्लेक्सचं विचारलं. मामांनी नको म्हटलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं.

बाईंच्या तक्त्यावर त्या घरात तिकिटाचा रंगीत फोटो आहे. तिकीट दौंडला आहे.